गाडी परत परत तापते: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं आणि विकायचा हिशेब कधी मांडायचा

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर थंड करणाऱ्या द्रवाला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, काही आठवड्यांनी तापमानाचा काटा पुन्हा वर. रेडिएटर साफ करून घेतला, पुन्हा वर. तिसऱ्या बिलानंतर कोणीतरी म्हणतंच, ‘आता काढून टाका ही गाडी.’ तापणाऱ्या गाड्या मी इतक्या वेळा दुरुस्त केल्यात की यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी कारण सापडू द्या, मग विकायचं बोलू. तोच बिघाड परत येतो तेव्हा बहुतेक वेळा गाडी संपलेली नसते, निदान अर्धवट झालेलं असतं. अर्थात एका टप्प्यापलीकडे दुरुस्तीत पैसे ओतण्यात काही अर्थ उरत नाही, हेही खरंच. पण तो टप्पा ओळखता येतो, आणि त्यासाठी आधीच्या तपासण्या क्रमाने झालेल्या असाव्या लागतात.

पुढचं सगळं कूलंटवर (इंजिनातून फिरणाऱ्या द्रवावर) थंड होणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांबद्दल आहे. बॅटरीवरच्या गाड्यांचं गणित वेगळं.

लक्षणं

काटा केव्हा चढतो, हा पहिला प्रश्न. फक्त सिग्नलला किंवा कोंडीत चढत असेल आणि गाडीने वेग घेतल्यावर खाली येत असेल, तर संशय हवेवर. वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या फॅनचं असतं. उलट शहरात ठीक आणि लांबच्या चढावर किंवा सलग वेगात काटा चढत असेल, तर हवा पुरेशी आहे, कूलंटचा प्रवाह कमी पडतोय: रेडिएटर आतून बुजलाय, पंप अशक्त झालाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, किंवा गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडायला लागलंय. गाडी सुरू केल्यापासून काही मिनिटांतच तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत कूलंटच फार कमी आहे.

काटा वर-खाली झुलत असेल तर कूलंटच्या मार्गात बहुधा हवा अडकलेली असते. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येणं हे त्याचंच भावंड.

इंजिन तापलंय पण हीटर लावला तर गार वारा येतोय, हे लक्षण मी सगळ्यात गांभीर्याने घेतो. हीटरमध्ये तेच कूलंट फिरतं. इंजिन गरम आणि हीटर गार म्हणजे कूलंट तिथवर पोहोचतच नाही. गाडी तिथेच बंद करा.

एसी चालता चालता थंडावा द्यायचा थांबतो आणि थोड्या वेळाने परत सुरू होतो, अशी तक्रार घेऊन लोक एसीवाल्याकडे जातात आणि गॅस भरून येतात. बऱ्याच गाड्यांत इंजिन जास्त तापलं की संगणक स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. गॅसचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

आणखी काही खुणा: गाडीत किंवा बोनेटखाली गोडसर वास, पुढच्या सीटच्या पायाशी ओला गालिचा, काचेवर आतून तेलकट धुकं, थंड इंजिन सुरू केल्यावर बराच वेळ निघणारा दाट पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली मळकट पांढरा थर, आणि कुठेही थेंब न दिसता कमी होत जाणारं कूलंट. शेवटच्याला गॅरेजच्या भाषेत ‘गाडी पाणी खाते’ म्हणतात. मात्र ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या थराने लगेच घाबरू नका. रोज फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी सुरू करू नका.

काट्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अनेक गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट साधारण ८० अंश असो की १०५, काटा मधोमध उभा. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून ही व्यवस्था. परिणाम असा की ‘जरासाच वर गेला होता’ असं जेव्हा तुम्ही म्हणता, तेव्हा आतलं तापमान जरासं वाढलेलं नसतं. आणि कूलंट इतकं उतरलं की सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो.

या सगळ्याची नोंद फोनमध्ये करत चला: कधी तापली, वेग काय होता, एसी चालू होता का, किती कूलंट घालावं लागलं. मेकॅनिककडे जायची वेळ आली तर ही चार ओळींची नोंद तासाभराची शोधाशोध वाचवते.

रस्त्यात तापली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात, सुरक्षित जागा दिसली की बाजूला घेऊन इंजिन बंद. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. थोडी उष्णता तो बाहेर काढतो. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर असूनही द्रव राहिलेलं असतं. दाब सुटला की ते क्षणात उकळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताला कोमट लागेपर्यंत. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. आणि ‘दोन किलोमीटरवर तर घर आहे’ हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्या. पुढे ज्या मोठ्या बिलाबद्दल मी लिहिणार आहे, ते बहुतेक वेळा याच दोन किलोमीटरमध्ये तयार होतं.

पहिली तपासणी फुकट आहे: पातळी

रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीत, सपाट जागेवर. काही गाड्यांत रेडिएटरवरच झाकण असतं आणि बाजूला साधी ओव्हरफ्लो बाटली; काहींत रेडिएटरला झाकण नसतं आणि दाबाची टाकी हीच बाटली असते. पहिल्या प्रकारात नुसती बाटली पाहून फसगत होते. बाटली अर्धी भरलेली आणि रेडिएटर बोटभर रिकामा, असं मी कितीदा तरी पाहिलंय. म्हणून झाकण उघडून आत पाहायचं. कूलंट काठोकाठ हवं.

बाटलीवर मार्करने रेघ मारा, तारीख लिहा. आठवडाभर रोज सकाळी पाहा. पातळी जराही हलली नाही (आणि पहिल्या प्रकारात रेडिएटरही काठोकाठ राहिला) तर तुमचा दोष गळतीचा नाही, आणि खालच्या निम्म्या तपासण्या आपोआप वगळल्या गेल्या. इतकं स्वस्त निदान दुसरं नाही, तरी बहुतेक लोक ते करत नाहीत. कमी दिसलं की भरतात आणि विसरतात.

भरताना नळाचं पाणी टाळा. त्यातले क्षार गरम भागांवर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं हे बहुतेक गाड्यांना चालणारं प्रमाण. जास्त कूलंट म्हणजे जास्त संरक्षण, हा गैरसमज आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास असतो, तर निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. रंगावरून प्रकार ठरवू नका. हिरवा, गुलाबी, निळा या रंगांना सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नसतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घाला. आणि ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोडसर. सांडलेलं लगेच पुसून घ्या, लहान मुलं आणि जनावरं त्याकडे ओढली जातात.

फॅन

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन लगेच किंवा थोड्या वेळाने फिरायला हवा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असं असेल तर मोटर चांगली आहे. गडबड तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा नियंत्रणात. दोन्ही वेळा फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच). रिले तपासायची सोपी युक्ती: फ्यूजबॉक्समधला त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, काढून तिथे लावून पाहा. तरीही नाही, तर मोटरच्या प्लगवर बॅटरीचं व्होल्टेज येतंय का ते मल्टिमीटरने पाहा. येत असेल आणि फॅन हलत नसेल तर मोटर गेली.

एक दगा लक्षात ठेवा. मोटरचे कार्बन (आतले वीज पोहोचवणारे तुकडे) झिजत आले की ती कधी चालते, कधी अडते. गॅरेजमध्ये नेली की नेमकी चालते. ‘मेकॅनिककडे गाडी कधीच तापत नाही’ या तक्रारीमागे मला सगळ्यात जास्त वेळा हाच फॅन सापडलाय. थांबलेल्या मोटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर ती फिरायला लागली, तर बदला. हे इग्निशन बंद करून आणि हात पात्यांपासून दूर ठेवून करायचं, कारण काही गाड्यांत फॅन इंजिन बंद असतानाही सुरू होतो. टकटक झाली की मग इग्निशन चालू.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे का तेही पाहा. अपघातानंतरच्या दुरुस्तीत ते बऱ्याचदा गायब होतं. ते नसलं की फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो.

रेडिएटरचा चेहरा आणि गळतीच्या खुणा

एसीचा कंडेन्सर पुढे, रेडिएटर मागे, आणि दोघांच्या फटीत किडे, धूळ, सुकी पानं. समोरून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. घाण फटीत असते. थंड इंजिनावर, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन (रेडिएटरच्या बारीक पात्या) झोपतात आणि हवा कायमची अडते.

मग टॉर्च घेऊन होज पाइपचे जोड, क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांची शिवण, पंपाखालची जागा पाहा. गरम इंजिनावर थेंब वाफ होऊन उडून जातो, त्यामुळे ओल दिसेलच असं नाही. सुकलेला पांढरा, हिरवा किंवा गुलाबी पापुद्रा शोधायचा. पंपाला खाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून डाग पडतात. तिथे माग दिसला तर पंपाचे दिवस भरले. होज बोटांनी दाबून पाहा. फार कडक, फार लिबलिबीत किंवा क्लॅम्पजवळ भेगाळलेला असेल तर बदला. तो तुलनेने स्वस्त भाग आहे, पण फुटतो तेव्हा इंजिन सोबत घेऊन जातो.

एसी चालवल्यावर गाडीखाली पडणारं पाणी ही गळती नव्हे. बोट लावून पाहा. कूलंट बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं, एसीचं पाणी फक्त पाणी.

झाकण

याला कोणी भाव देत नाही. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. बहुतेक गाड्यांत तो दाब १ बारच्या आसपास. वातावरणाच्या वर १ बार दाब असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांना उकळतं, ग्लायकॉल मिसळलेलं त्याहून वर. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झालं की हा सगळा राखीव फरक जातो आणि धडधाकट इंजिनात कूलंट उकळायला लागतं, बाटलीतून बाहेर पडतं. मग पातळी कमी, मग हवा, मग काटा वर. एका झाकणापायी थर्मोस्टॅट, पंप आणि रेडिएटर बदललेल्या गाड्या असतात.

झाकणात दुसरी उलट्या दिशेची छोटी झडपही असते. इंजिन थंड होताना ती बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देते. ती अडकली तर सकाळी वरचा होज चिमटल्यासारखा आत गेलेला दिसतो. रबराला चीर असेल, झाकण मूळचं नसेल किंवा वय माहीत नसेल, तर तपासत बसू नका, छापलेल्या दाबाचंच नवीन लावा. जास्त दाबाचं लावू नका. मग पुढचा कच्चा दुवा फुटतो, बहुधा हीटरचा.

खरा आकडा पाहा, हवा काढा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची जागा) बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोन एवढ्यावर कूलंटचं खरं तापमान दिसतं. सुस्त काट्यापेक्षा हा आकडा हजारपट कामाचा. बहुतेक इंजिनांत थर्मोस्टॅट ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो आणि फॅन साधारण ९५ ते १०५ च्या दरम्यान सुरू होतो. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. आकडा फॅन सुरू होण्याच्या पातळीपर्यंत चढतो, फॅन लागतो, उतरतो, परत चढतो: ही तब्येत चांगली. काटा वर पण आकडा ९० वर स्थिर, तर दोष काट्याचा किंवा वायरिंगचा, इंजिनाचा नाही. स्कॅनरवर पी०१२८ हा दोषाचा कोड दिसला तर इंजिन अपेक्षेपेक्षा थंड चालतंय, म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट उघडा राहिलाय किंवा कूलंट कमी आहे.

कूलंट बदलल्यावर किंवा कुठलाही पाइप काढल्यावर गाडी तापायला लागली असेल, तर आधी हवा काढा. हवेचा फुगा थर्मोस्टॅटपाशी अडकला की त्याला गरम कूलंटचा स्पर्शच होत नाही आणि तो उघडत नाही. गाडीचं नाक चढाच्या दिशेला, हीटर पूर्ण गरमवर, थंड इंजिनावर हळूहळू भरायचं. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवायचा. काही गाड्यांत हे काम फक्त व्हॅक्यूमच्या साधनाने किंवा स्कॅनरवरून इलेक्ट्रिक पंप चालवूनच होतं. तुमची त्यातली असेल तर हट्ट करू नका.

थर्मोस्टॅट, पंप, रेडिएटर

इंजिन गरम होताना वरचा होज बराच वेळ गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. इंजिन ११० ला पोहोचलं तरी रेडिएटरकडे जाणारा होज गार, तर थर्मोस्टॅट अडकलाय. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर ठेवून पाहता येतो. पण इतकी मेहनत करून काढलाच आहे तर नवीन बसवा.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू, कटकट नको’ हा सल्ला ऐकू नका. इंजिन कायम थंड चालतं, संगणक जास्त इंधन सोडत राहतो, झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासचा मार्गही बंद करतो; तो काढला की बरंचसं कूलंट रेडिएटरकडे न जाताच फिरत राहतं आणि गाडी आणखी तापते.

पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर इथे घरचं काम संपलं. बेल्ट एक दात जरी चुकला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पंप, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) एकत्रच बदलून घ्या. मजुरी एकदाच लागते. रेडिएटर आतून बुजलाय का हे गरम रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवून कळतं: मध्येच गार पट्टे दिसले तर त्या नळ्या बंद आहेत. प्लास्टिक टाक्यांचे आजचे रेडिएटर दुरुस्त करण्यापेक्षा बदललेले बरे.

गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव घालू नका. ते गळती आणि हीटरच्या नळ्या यांत फरक करत नाही.

इथे थांबा

वरचं सगळं झालं आणि गाडी तरीही पाणी खात असेल किंवा तापत असेल, तर पुढचं काम मेकॅनिकचं. तसंच पुढीलपैकी काहीही दिसलं तर वरचं काही न करताच थांबा: दुधाळ ऑइल, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर दगडासारखा कडक होणारा वरचा होज, रेडिएटरमधून सतत येणारे बुडबुडे, सकाळी सुरू करताना एक सिलिंडर चुकणं आणि पांढरा धूर. हा हेड गॅस्केटचा कारभार आहे. गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

गॅस्केट का उडतं ते समजून घेतलं तर पुढचा निर्णय सोपा जातो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि अनेक इंजिनांत ब्लॉक बीडाचा (ओतीव लोखंडाचा). अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एका मर्यादेपर्यंत गॅस्केट ही ओढाताण सोसतं. खूप तापलं की हेडच वाकतं, आणि इथे चालणारा वाक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असतो. अनेक उत्पादक ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच मर्यादा ठेवतात. म्हणून नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही.

गॅरेजला हेड उघडायची परवानगी देण्याआधी दोन चाचण्या मागा. एक, कूलंट प्रणालीत झाकणाच्या दाबाइतकी हवा भरून दाब टिकतो का पाहणं. दोन, रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरून ज्वलनाचा वायू येतोय का पाहणं. कार्बन डायऑक्साइड आला की निळा द्रव पिवळा पडतो. डिझेल इंजिनात हा रंगबदल तितका स्पष्ट नसतो, तिथे सिलिंडरची लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून सुटते ते पाहणं) जोडून घ्या. चाचण्यांशिवाय ‘आवाजावरून कळतं, हेड गेलंय’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

विकायचा हिशेब इथे सुरू होतो

याआधी नाही. झाकण, फॅन, थर्मोस्टॅट, होज, अगदी रेडिएटरसुद्धा, यांच्या खर्चावरून गाडी बदलणं म्हणजे छोट्या बिलाला घाबरून मोठं बिल घेणं. टायर, ब्रेक, बॅटरी, क्लच, बेल्ट हे खर्चही गाडीच्या वाईटपणात मोजू नका; पुढच्या गाडीलाही ते लागणारच आहेत.

‘दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर विका’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. मला तो पटत नाही. दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी का करायची? तुलना व्हायला हवी पर्यायाशी, म्हणजे दुसरी गाडी घेतल्यावर दर वर्षी किती पैसे जातील त्याच्याशी.

कल्पित आकडे घेऊ. चालती असती तर तुमच्या गाडीची किंमत १००. आहे त्या अवस्थेत ३५. हेडचं पूर्ण काम ४५. पुढे दर वर्षी इतर दुरुस्त्या २० आणि तीन वर्षांनी गाडी ४० ला जाईल असं धरू. तर ती ठेवण्याचा तीन वर्षांचा खर्च: ४५ अधिक ६०, अधिक आज सोडून दिलेले ३५, वजा शेवटी मिळणारे ४०. एकूण १००, म्हणजे वर्षाला साधारण ३३. आता दुसरी गाडी ४०० ची घेतली, तीन वर्षांनी ती २५० ला गेली, दर वर्षी देखभाल १०. खर्च १५० अधिक ३०, म्हणजे १८०, वर्षाला ६०. कर्जाचं व्याज आणि वाढीव विमा वेगळाच. याचा अर्थ जुन्या गाडीत तीन वर्षांत आणखी ८० चा अनपेक्षित खर्च निघाला, तरच दोन्ही पारडी सारखी होतील. दुरुस्ती जवळपास निम्म्या किमतीची असूनही.

हाच हिशेब उलटतो तो गाडीचं उरलेलं आयुष्य कमी असेल तेव्हा. तीच गाडी, पण गिअरबॉक्स घसरतोय आणि फार तर एक वर्ष चालेल, मग ती २५ ला जाईल. ४५ अधिक २० अधिक ३५ वजा २५, म्हणजे एकाच वर्षाचे ७५. विका. आजवर त्या गाडीवर किती घातले, हा आकडा यात कुठेच येत नाही हे पाहा. ‘आताच तर नवीन टायर टाकले’ हे दुःख खरं आहे. टायर विक्रीच्या किमतीत जे काही मिळवून देतील तेवढंच त्यांचं मोल.

काही बाबतीत मी आकडेमोडही करत नाही. सांगाडा, सस्पेन्शनचे जोड किंवा उंबरठे (दारांखालचे भाग) गंजून पोकळ झाले असतील तर इंजिनावर पैसे घालू नका. इंजिन बदलता येतं, सांगाडा नाही. एअरबॅगचा दिवा कायम लागलेला आणि भाग मिळत नाहीत, तीच गोष्ट. गाडी किती वेळ आणि किती तापलेल्या अवस्थेत चालवली गेली हे कोणालाच ठाऊक नसेल, तर हेडबरोबर रिंग आणि बेअरिंगही भाजलेले असू शकतात. अशा वेळी हेड उतरवून तपासल्यावर थांबायचा पर्याय गॅरेजकडून आधीच लेखी घ्या: उतरवणं आणि तपासणी इतके, पुढचं काम इतके. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे किंवा हेडला तडा निघाला तर पहिल्या आकड्यावर बाहेर पडता येतं. वापरलेलं दुसरं इंजिन बसवायचा प्रस्तावही येईल. त्याचा इतिहास माहीत नसेल, तर तुम्ही एक ओळखीचा दोष देऊन अनोळखी दोष घेताय.

काम करून घ्यायचं ठरलं तर अंदाजपत्रकात या गोष्टी असल्याच पाहिजेत: हेडची दाबचाचणी आणि सपाटपणाची मोजणी, गरज असेल तर फेसिंग (हेड घासून सपाट करणं), उत्पादकाने सांगितलं असेल तिथे हेडचे नवे बोल्ट, थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट, इंजिन ऑइल आणि फिल्टर. आणि हेड मुळात का तापलं ते कारण. फॅन न बदलता गॅस्केट बदललेली गाडी काही महिन्यांत त्याच दारात उभी राहते. गाडी घरी आल्यावर बाटलीवरची रेघ आणि रोजची सकाळची नजर पुन्हा सुरू करा. पहिल्या काही दिवसांत उरलेली हवा निघून पातळी थोडी उतरेल. एकदा भरल्यावर ती तिथेच थांबायला हवी.

विकायचं ठरलं तर दोष सांगून विका, आणि बदली म्हणून जुनी गाडी पाहायला गेलात तर आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर चहापाण्यात वेळ न घालवता दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवा. थंड असेल तर झाकण उघडून पातळी आणि रंग पाहा, सुरू करून धूर पाहा, एसी लावून फॅन पाहा, आणि फॅन आपोआप दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. विकणारा घाई करायला लागला तर निघा.